बायपासनंतर पेशंटची पाठ, टाचा आणि टाके कसे सांभाळायचे: सोलापूरच्या नातेवाईकांसाठी

घरात कुणाचं बायपास किंवा व्हॉल्वचं ऑपरेशन ठरलं की सगळं घर एकाच काळजीत असतं, हार्ट नीट चालेल ना. ते बरोबरच आहे. पण ऑपरेशन व्यवस्थित होऊनसुद्धा पेशंट पुढे महिना-दोन महिने बेजार होतो तो कित्येकदा कातडीमुळे. माकडहाडाजवळचा बेडसोर (दाबाने पडलेली जखम), टाचेला आलेला फोड, हार्टला जोडायला पायातली शीर काढली तिथला न भरणारा टाका, चिकटपट्टीने सोललेली चामडी. आमच्या अण्णांच्या बायपासच्या वेळी यातलं बरंच जवळून बघितलं, सर्जनना, सिस्टरना, ड्रेसिंग करणाऱ्या ब्रदरना विचारून विचारून जे कळलं ते इथे पायरी-पायरीने लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण बघायचं काय, कधी आणि कुणाला सांगायचं, हे नातेवाईकाला माहीत असलंच पाहिजे, कारण चोवीस तास पेशंटजवळ आपणच असतो.

1. आधी हे समजून घ्या: जखमेची सुरुवात टेबलवरच झालेली असू शकते

बायपास साधारण 4 ते 6 तास चालतं, कधी जास्तही. तेवढा वेळ माणूस पाठीवर एकाच स्थितीत असतो, भूल दिलेली असते म्हणून दुखलं तरी हलत नाही आणि छाती उघडलेली असल्याने त्याला कुशीवर वळवताही येत नाही. हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणारं मशीन) असताना बऱ्याच वेळा शरीर थंड केलेलं असतं, बीपी कमी ठेवलेलं असतं. नंतर आयसीयूत बीपी टिकवायला जी औषधं सुरू असतात त्यातली काही, नॉरअॅड्रेनलीनसारखी, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे एकीकडे हाडाखाली कातडी दाबलेली आणि दुसरीकडे तिथे रक्तच कमी पोचतंय. पाण्याच्या पाइपवर कुणी पाय देऊन उभं राहिलं आणि वरून नळही बारीक केला, तसं.

सगळ्यात फसवणारी गोष्ट ही की ही इजा आतून सुरू होते. वरची कातडी पहिल्या दिवशी चांगली दिसते आणि 48 ते 72 तासांनी तिथे जांभळट काळपट डाग वर येतो. तोवर पेशंट वॉर्डात आलेला असतो, म्हणून घरचे वॉर्डातल्या सिस्टरवर चिडतात आणि सिस्टर म्हणतात आमच्याकडे आला तेव्हा काही नव्हतं. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून भांडण बाजूला ठेवा आणि पहिले चार दिवस रोज बघायची सवय लावा.

शुगर असलेले, सत्तरीच्या पुढचे, खूप बारीक किंवा खूप वजनदार, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) कमी असलेले, किडनीचा त्रास असलेले, बिडी-तंबाखूवाले, आणि ज्यांचं ऑपरेशन इमर्जन्सीत झालं किंवा हार्टला आधार द्यायला मांडीतून बलून पंप घातलाय (त्या पायाला हलवू देत नाहीत), अशांना धोका जास्त. हॉस्पिटलात याचा हिशोब ठेवायला ब्रेडन स्केल म्हणून एक तक्ता असतो, पूर्ण गुण 23, 18 किंवा त्याच्या खाली आलं की पेशंट धोक्यात धरतात. सिस्टरना सरळ विचारा, आमच्या पेशंटचा ब्रेडन स्कोअर किती आलाय. विचारलं की त्यांनाही कळतं हे घरचे लक्ष ठेवून आहेत.

2. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात करायची कामं

पाठ, कंबर, माकडहाड, दोन्ही टाचा, दोन्ही पाय, यांचे मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. आधीचा डाग कुठला आणि नंतरचा कुठला हे पुढे या फोटोवरूनच कळतं.

अंगावर कुठे गळू, नायटा, जांघेतली खाज, टाचेच्या खोल भेगा असतील तर त्या ऑपरेशनच्या आधी सर्जनला दाखवा. आपल्याकडे शेतात अनवाणी फिरणारी माणसं भेगांना आजार मानतच नाहीत, पण पायातली शीर काढायची असेल तर त्याच पायावर इन्फेक्शन नको.

घरी न्हावी बोलावून छाती-पाय वस्तऱ्याने साफ करून घेऊ नका, हे खूप घरांत होतं. वस्तऱ्याने कातडीला न दिसणारे बारीक काप जातात आणि त्यातून इन्फेक्शन शिरतं. हॉस्पिटलवाले ऑपरेशनच्या जवळच्या वेळेला क्लिपरने केस काढतात, त्यांनाच करू द्या. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी औषधी साबणाने अंघोळ सांगितली असेल तर ती नीट घाला, बेंबी, काख, जांघ, स्तनाखालची घडी सोडू नका. नंतर तेल-पावडर काही नाही.

अंगावरचं सगळं उतरवा. अंगठी, जोडवी, बांगड्या, काळा दोरा, आणि करगोटा. करगोटा विशेष सांगतोय कारण तो कपड्याखाली राहून जातो आणि त्याची गाठ कमरेखाली तासन् तास रुतते. गळ्यात इष्टलिंग असेल तर ते घरातल्या माणसाकडे आदराने सांभाळायला द्या, टेबलवर छातीवर काहीच ठेवता येत नाही.

चिकटपट्टी, बीटाडीन, कुठल्या मलमाची अॅलर्जी असेल तर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तंबाखू, मावा, बिडी, मिश्री सगळं बंद, जितक्या आधी तितकं चांगलं, चार आठवडे मिळाले तर फारच उत्तम. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि जखम भरायला लागणारं रक्त तिथे पोचत नाही. बायकांची मिश्री कुणी मोजत नाही, डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत, ती पण तंबाखूच आहे.

3. पिशवीत काय काय हवं

सामान:
- चार-पाच मऊ उशा, त्यातल्या दोन लहान
- जुनी धुवून मऊ झालेली सुती चादर किंवा लुगड्याचे तुकडे, तीन-चार तरी
- टॉर्च (मोबाईलचा चालेल) आणि हातात धरायचा आरसा
- सर्जिकलच्या दुकानातून अंडरपॅड, माईकपोर टेप, हातमोजे, झिंक ऑक्साईडचं क्रीम
- बायकांसाठी पुढून उघडणारी, तार नसलेली सुती ब्रा, दोन
- पुढून बटणाचे शर्ट किंवा गाऊन, डोक्यातून घालायचं काही नको
- एक वही आणि पेन

सोलापुरी चादर जरूर न्या पण ती पांघरायला. अंगाखाली नको. तिचं विणकाम जाड असतं आणि नक्षी उठावदार, नाजूक झालेल्या पाठीला ती घासते. वाकळ पण खाली नको, टाक्यांच्या रेघा उमटतात.

कागद:
- आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते
- अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, इको, रक्ताचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची यादी, त्यात रक्त पातळ करायची गोळी कुठली ते वेगळं लिहून
- महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होत असेल तर आरोग्यमित्राने (योजनेचा हॉस्पिटलातला माणूस) दिलेले कागद, सगळ्याच्या दोन झेरॉक्स

4. आयसीयूत भेटायला पाच मिनिटं मिळतात, त्यात काय बघाल

तिथे पेशंटला नळ्या लावलेल्या असतात, बघूनच घाबरायला होतं आणि आपण नुसते पाय चेपून बाहेर येतो. त्यापेक्षा तीन ठिकाणी नजर टाका.

एक, सलाईन लावलेला हात. सुई जिथे आहे त्याच्या वर सूज, लाली, कडक झालेली शीर किंवा पांढरी फटक पडलेली गार कातडी दिसली तर लगेच सिस्टरला हाक मारा, थांबू नका. काही औषधं शिरेच्या बाहेर गळली तर कातडी मरते.

दोन, टाचा. गादीवर टेकल्या आहेत की वर आहेत. तीन, तोंडात नळी असेल तर ओठाचा कोपरा, नाकात नळी असेल तर नाकपुडी, ऑक्सिजनचा मास्क असेल तर नाकाचं हाड आणि कानामागची दोरी. नळीच्या दाबानेही जखम होते, जागा बदलत राहिलं की टळते.

आणि वॉर्डात शिफ्ट करायच्या वेळी सिस्टरना नम्रपणे म्हणा, सिस्टर, एकदा पाठ बघू या का, आत्ता वळवताच आहात तर. एवढं एकच वाक्य. स्ट्रेचरवर घेताना पेशंटला तसंही कुशीवर करतात, त्या अर्ध्या मिनिटात माकडहाड, दोन्ही खवाटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू दिसते. डोक्याची मागची बाजू हमखास राहते कारण केसात दिसत नाही, बोटांनी चाचपा, मऊ पडलंय किंवा दुखतंय का विचारा.

स्ट्रेचरवरून बेडवर घेताना पेशंटला ओढायचं नाही, चादरीसकट उचलून घ्यायचं. मावशी-मामा घाईत असतात, आपण एक कोपरा धरायला पुढे झालो की काम नीट होतं.

5. डाग कशाचा आहे ते ओळखायचं कसं

हा भाग सावकाश वाचा.

पुस्तकात लिहिलेलं असतं की बेडसोर लाल दिसतो. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही. तिथे बाजूच्या कातडीपेक्षा गडद, निळसर, जांभळट रंग दिसतो, कधी रंगात फरकच नसतो पण हात लावला की ती जागा जास्त गरम किंवा जास्त गार लागते, टणक किंवा उलट पिलपिलीत लागते. म्हणून नुसतं बघू नका, हात लावून दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. ट्यूबलाईटच्या निळ्या उजेडात फसायला होतं, खिडकीजवळ किंवा टॉर्च लावून बघा.

बोटाची परीक्षा: संशय असलेल्या जागी बोट तीन सेकंद हलकेच दाबून सोडा. दाबल्यावर रंग फिका होऊन परत आला तर ठीक, दाब काढा आणि अर्ध्या तासाने परत बघा. दाबूनही फिका होत नसेल तर ती पहिल्या स्टेजची इजा आहे, कातडी फुटलेली नसली तरी. इथेच पकडलं तर दाब काढून बहुतेक वेळा भरून येतं. दुसऱ्या स्टेजला वरची साल जाते किंवा पाण्याचा फोड येतो, तिसऱ्यात चरबी दिसते, चौथ्यात स्नायू-हाडापर्यंत जातं. आणि जो जांभळा-काळा डाग कातडी न फुटता येतो तो आतली खोल इजा असतो, त्याला साधा मुका मार समजू नका, तो काही दिवसांत उघडून एकदम मोठी जखम होऊ शकते.

अण्णा वॉर्डात आल्यावर म्हणत होते, माकडहाडापाशी जळजळ करालंय. बघितलं तर हाताच्या तळव्याएवढा जांभळट डाग. जमलेल्या पाहुण्यांनी लगेच निकाल दिला की ऑपरेशनमध्ये मशीनने भाजलंय, केस करा. सर्जनने शांतपणे समजावलं तेव्हा फरक कळला, तो असा:

कॉटरीच्या मशीनची (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं मशीन) प्लेट मांडीला किंवा ढुंगणाला जिथे मांस भरपूर असतं तिथे चिकटवतात. तिथे भाजलं तर ते टेबलवरून उतरल्यावर लवकरच दिसतं, कडा स्पष्ट असतात, बऱ्याचदा प्लेटच्याच आकाराची. दाबाची जखम हाडावर येते आणि दोन-तीन दिवसांनी येते. तिसरा प्रकार औषधाचा: अंग साफ करायला लावलेलं अँटिसेप्टिक ओघळून पाठीखाली साठलं आणि कातडी तासन् तास त्यात ओली राहिली तर केमिकलने भाजल्यासारखं होतं, ते कमरेच्या बाजूला, घडीत, ओघळाच्या आकारात दिसतं. शॉक द्यायची वेळ आली असेल तर छातीवर पॅडच्या जागी चट्टे उठतात. आणि चौथा, ओलाव्याचा: घाम, लघवी, जुलाब याने दोन ढुंगणांच्या मधली आणि जांघेतली कातडी पांढरट भिजून सोलवटते, याला झिंकचं क्रीम आणि कोरडं ठेवणं हा उपाय आहे, बेडसोरचा उपाय वेगळा. प्रत्येकाचा इलाज वेगळा असल्याने कशाचा डाग आहे हे डॉक्टरांकडून विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

फोटो काढताना बाजूला पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे वाढलं की कमी झालं ते पुढे कळेल. वहीत तारीख, जागा, आकार, रंग. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, पेशंटची लाज आपणच राखायची.

चिकटपट्टीबद्दल वेगळं सांगतो कारण म्हाताऱ्या माणसांना याचाच त्रास जास्त होतो. ईसीजीचे स्टिकर आणि ड्रेसिंगची पट्टी झटकन ओढली की सालासकट येते. एका हाताने कातडी धरायची, दुसऱ्याने पट्टी कातडीला समांतर, केसांच्या दिशेने, हळूहळू मागे दुमडत काढायची. निघत नसेल तर कडेला थोडं खोबरेल किंवा पाणी लावून मऊ करा, मात्र टाक्यांच्या जवळ तेल नको, तिथलं सिस्टरनाच काढू द्या.

6. कूस, टाचा, खुर्ची

छातीचं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं कुशीवर वळवायचंच नाही. सर्जनना विचारा, पण बहुतेक पेशंटना पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून 30 अंशाचा कल देता येतो. दर दोन तासांनी डावीकडे, सरळ, उजवीकडे. रात्री सुद्धा. मोबाईलला गजर लावा आणि घरच्यांनी पाळ्या वाटून घ्या, एकट्या बाईवर सगळं टाकू नका.

वळवताना पेशंटने छातीशी उशी कवटाळायची, हाताने रेटा द्यायचा नाही, आपण खांदा आणि कंबर एकदम धरून वळवायचं.

डोक्याकडची बाजू उंच केली की श्वासाला बरं वाटतं, पण माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, या ओढीनेच माकडहाडाची वाट लागते. म्हणून जेवणाचा आणि फिजिओचा वेळ सोडला आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर 30 अंशापर्यंतच ठेवा, आणि गुडघ्याखाली आधी थोडी उंची द्या म्हणजे घसरत नाही.

टाचेसाठी उशी पोटरीखाली लांबच्या लांब ठेवायची, टाच हवेत राहिली पाहिजे. उशी आणि टाच यांच्यात हात सहज गेला पाहिजे. नुसती घोट्याखाली गुंडाळी ठेवली तर तिथल्या शिरेवर दाब येतो. शुगरच्या पेशंटला टाचेला दुखलेलं कळतच नाही, त्यामुळे तो काही म्हणत नाही म्हणजे ठीक आहे असं धरू नका.

खुर्चीत बसवलं की घरच्यांना बरं वाटतं आणि चार तास बसवून ठेवतात. बसल्यावर सगळा भार ढुंगणावर येतो. सुरुवातीला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नको, आणि मध्ये मध्ये थोडं डाव्या-उजव्या बाजूला कलायला लावा.

या तीन गोष्टी करू नका, आपल्याकडे हटकून केल्या जातात: भोकाची रबरी रिंग किंवा ट्यूब (कडेने दाब पडून मधला रक्तपुरवठा आणखी तुटतो), डाग पडलेल्या जागी तेल लावून चोळणं (आतली मेलेली-अर्धमेली कातडी फाटते), आणि गरम पाण्याची पिशवी.

एअर बेड घेताना: भाड्यानेही मिळतो, आधी चौकशी करा. त्यावर एकच पातळ सुती चादर घाला. रबरी शीट, वर वाकळ, वर चादर असं केलं तर हवा भरून उपयोग काय. पेशंट झोपल्यावर माकडहाडाखाली गादीच्या तळाशी तळहात घाला, मध्ये इंचभर तरी फुगीर गादी लागली पाहिजे, हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. लाईट गेली की पंप बंद पडतो, तेव्हा वळवण्याचं अंतर कमी करा. आणि एअर बेड असला तरी कूस बदलणं थांबत नाही.

7. छातीचे आणि पायाचे टाके

छातीत बघायचं ते हे: लाली पसरत चाललीय का, पू किंवा पाणी येतंय का, टाका उघडतोय का, ताप, थंडी वाजतेय का, आणि खोकताना किंवा वळताना हाडात कटकट आवाज किंवा हललेलं जाणवतंय का. शेवटचं लक्षण असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे. वरवरचं इन्फेक्शन ड्रेसिंग आणि औषधांनी आटोक्यात येतं, पण हाडाच्या मागे गेलं तर परत ऑपरेशन लागतं आणि जिवावर बेततं. बायकांचे स्तन जड असतील तर ते दोन्हीकडे ओढले जाऊन मधला टाका ताणतो, म्हणून ती पुढून उघडणारी ब्रा रात्री पण घालायची. लाज वाटते म्हणून सुना सासूला विचारत नाहीत, विचारा.

पायाची शीर जिथून काढली तो पाय बरेच आठवडे सुजतो. झोपताना-बसताना पाय उशीवर वर, पायावर पाय टाकायचा नाही. दिलेले घट्ट मोजे रोज निदान एकदा पूर्ण काढून टाच, घोटा, बोटांच्या मधली जागा बघायची, वरची कड गुंडाळली गेली की ती दोरीसारखी रुतते. पायाच्या रक्तवाहिन्यांतही ब्लॉकेज असेल तर मोजे घालायचे की नाही ते डॉक्टरांना विचारूनच.

हळद, चुना, राख, कुणी दिलेली काळी मलम, काही लावायचं नाही. टाक्यावर रोज हायड्रोजन पेरॉक्साईड ओतणाऱ्यांनाही थांबवा, बुडबुडे बघून साफ झाल्यासारखं वाटतं पण नवीन येणारी कातडीही त्यात जाते.

8. घरी आल्यावर: ऊन, घाम, पाणी

पुण्याहून किंवा हैदराबादहून ऑपरेशन करून परत येणार असाल तर कारमध्ये चार ते सहा तास बसून माकडहाडाची परीक्षाच असते. तासाभराने गाडी थांबवा, दोन मिनिटं उभं करा. सीटबेल्ट लावाच, छाती आणि बेल्टच्या मध्ये छोटी उशी.

आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात तर बोलूच नका. घामाने स्तनाखाली, जांघेत, काखेत बुरशी होते, लाल खाजरं आणि कडेला बारीक पुटकुळ्या. घडीत टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, मधे मऊ सुती कपडा ठेवायचा, टाल्कम पावडरचा थर द्यायचा नाही, ती घामात गोळे होऊन घासते. पांघरूण आणि कपडे सुतीच. कूलर लावा पण थेट अंगावर पाण्याचे तुषार नकोत.

पाण्याचं आपल्याकडे माहीतच आहे, रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं आणि हौदात साठवावं लागतं. डॉक्टरांनी अंघोळ करायला परवानगी दिल्यावर टाक्यांवर साठवलेलं पाणी टाकू नका, त्या दिवशी आलेलं ताजं किंवा उकळून कोमट केलेलं वापरा, वेगळा मग ठेवा, सौम्य साबण, आणि वेगळा मऊ टॉवेल. आणि पाणी येतं त्या दिवशी पेशंटने बादली-घागर उचलायची नाही! छातीचं हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला त्याहून जास्त. तोवर दोन-तीन किलोच्या वर काही नाही. आपल्या आया-बायांना हे सांगून पटत नाही, नळ आला की हात शिवशिवतात, त्यामुळे त्या दिवशी घरात दुसरं माणूस असेल असं बघा.

9. खाणं

जखम भरायला प्रोटीन लागतं. वजनाच्या एका किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम इतकं सांगतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम. दूध, दही, डाळी, मटकी, मासे, चिकन, जे घरात चालतं ते. नुसती पेज आणि साबुदाणा देऊन पेशंटला महिनाभर ठेवतात, हलकं म्हणून, त्यात जखम कशाने भरणार. ज्वारीची मऊ भाकरी डाळीत कुस्करून द्या. शेंगाचटणीत मीठ कमी घालून वेगळी करा, नेहमीची तशीच देऊ नका.

शुगर रोज तपासून वहीत लिहा. व्हॉल्व बदललेल्यांना वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी असेल तर पालेभाजी एकदम बंद किंवा एकदम भरपूर असं नको, रोज सारख्या प्रमाणात, आणि अंगावर आपोआप मोठे निळे डाग यायला लागले तर लगेच कळवा.

10. जखम झालीच तर

घाबरू नका पण लपवू पण नका. ड्रेसिंग कुठलं, किती दिवसांनी, हे लिहून घ्या. काही आधुनिक ड्रेसिंग तीन-चार दिवस उघडायचीच नसतात आणि घरचे रोज उघडून बघतात. काळी कडक खपली आली तर ती सोलू नका, विशेषतः टाचेवरची कोरडी खपली. जखमेला घाण वास, भोवती लाली पसरणं, ताप, गुंगी, शुगर अचानक वाढणं यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, रात्र असली तरी.

रोज दवाखान्यात नेणं जमत नसेल तर घरी येऊन ड्रेसिंग करणारे सिस्टर-ब्रदर मिळतात, पण ते हात धुऊन नवे हातमोजे घालतात का हे बघा. आठवड्यातून एकदा तरी सर्जनने स्वतः जखम बघितली पाहिजे. खर्च झेपत नसेल तर सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा.

11. डिस्चार्जचे कागद आणि फॉलोअप

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की निघायची घाई करू नका. त्यावर ऑपरेशनची तारीख, कुठल्या पायाची शीर काढली, टाके कधी काढायचे, कातडीवर काय इजा आहे आणि कुठे, ड्रेसिंगची सूचना, औषधांची यादी, फॉलोअपची तारीख, हे सगळं आहे का बघा. कातडीची इजा लिहिलेली नसेल तर विनंती करून लिहून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात, विम्याचा क्लेम केलात, तर तोच कागद चालतो.

योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतरच्या तपासण्या, औषधं आणि जखमेच्या इलाजातलं काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला निघायच्या आधी विचारा. योजनेचा टोल फ्री नंबर 155388. एअर बेड, अंडरपॅड यांची बिलं वेगळी जपून ठेवा.

फॉलोअपला ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर छातीचे टाके बघतात, इको बघतात आणि पुढचा नंबर येतो. तुम्ही आधीच पेशंटचे मोजे काढून ठेवा, सैल पायजमा घालून न्या आणि आत गेल्या गेल्या सांगा, डॉक्टर, पाठ आणि टाचा पण बघायच्या आहेत. मोबाईलमधले फोटो तारखेच्या क्रमाने उघडून ठेवा.